गर्भापर्यंत पोचणारे विषाणू आणि प्रयोगशाळेतील प्राणी : एक परीक्षण

मातेच्या विषाणुसंसर्गाची बाधा गर्भाला होऊ शकते, ही गोष्ट वैद्यकशास्त्र प्राण्यांवरील प्रयोगांतून शिकलेले नाही. १९४१ साली सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांनी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मातांना गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, होऊन गेला होता, या समान दुव्याकडे लक्ष वेधले. पुढे १९६२ मध्ये हा विषाणू पेशीसंवर्धनात हाती लागला. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेलाची लक्षणे घेऊन जन्मली. आणि १९६९ मध्ये तेथे पहिली लस वापरात आली. या साऱ्या इतिहासात माकडे, ससे, फेरेट, उंदीर यांच्यावर प्रयोग झाले नाहीत असे नव्हे. काहींत विषाणू गर्भापर्यंत पोचलाही. परंतु मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयदोष हे मानवी अर्भकातील त्रिकूट खात्रीने उत्पन्न करील असा प्राणी तेव्हा सापडला नाही, आणि आजही सापडलेला नाही.

यावरून प्राणी निरुपयोगी ठरतात असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लसीसाठी क्षीण केलेला विषाणू टोचलेल्या माकडांकडून शेजारच्या माकडांना लागण होत नाही, ही तपासणी ऱ्हीसस माकडांवरच झाली होती. लस टोचलेल्या मुलाकडून घरातील गर्भवतीला धोका पोचेल काय, हा त्या काळचा अत्यंत निकडीचा प्रश्न होता, आणि तेवढ्या प्रश्नापुरते ते माकड पूर्णपणे विश्वसनीय होते. गर्भदोषांच्या बाबतीत अपयशी ठरलेला प्राणी संक्रमणाच्या बाबतीत उपयोगी पडला, ही घटना या विषयाच्या परीक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

याच्या उलट उदाहरण सायटोमेगॅलो विषाणूचे. गिनीपिगच्या लालाग्रंथीत गाळणीतून पार होणारा विषाणू असतो, हे कोल आणि कटनर यांनी १९२६ मध्येच दाखविले. मानवी विषाणू त्यानंतर तीस वर्षांनी, १९५६ मध्ये, वेगळा करण्यात आला. गिनीपिगमध्ये तो मातेकडून गर्भाकडे जातो हे १९७०-८० च्या दशकात सिद्ध झाले. म्हणजे या रोगाला प्राणी लाभून अर्धशतक लोटले. तरी त्याविरुद्ध परवाना मिळालेली एकही लस नाही. ज्या रोगाला प्राणी मिळाला नाही तो लशीने आवाक्यात आला (भारतात २०१७ पासून गोवर-रुबेला लशीची मोहीम चालली), आणि ज्याला मिळाला तो मोकळाच राहिला. या विरोधाभासाचे श्रेय अथवा दोष अर्थातच प्राण्यांना देता येत नाही. रुबेलाचा विषाणू एकाच प्रतिजनी प्रकारचा आहे आणि एकदाचा संसर्ग सहसा जन्मभराची प्रतिकारक्षमता देतो. सायटोमेगॅलो विषाणू शरीरात आयुष्यभर दबा धरून राहतो, पुनःपुन्हा जागा होतो, आणि दुसऱ्या वाणाचा संसर्गही होऊ देतो. विषाणूचा स्वभावच निराळा. तथापि एवढे खरे की, या विषयावरील लेखनात वारंवार भेटणारा ‘आदर्श प्रतिमान’ हा शब्दप्रयोग या दोन्ही इतिहासांपुढे टिकत नाही.

आदर्श प्राण्याचा शोध बहुधा वारेच्या रचनेपासून सुरू होतो. ऑटो ग्रोसर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सस्तन प्राण्यांच्या वारेचे वर्गीकरण, मातेचे रक्त व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये किती ऊतकस्तर शिल्लक राहतात यावरून केले. डुकरीण, घोडी व गाय यांच्या वारेत सहा स्तर राहतात. कुत्री व मांजर यांच्यात मातेच्या रक्तवाहिनीचे अस्तर गर्भाच्या पेशींना भिडते. आणि मनुष्य, माकड, ससा, उंदीर व गिनीपिग यांच्यात मातेचे रक्त प्रत्यक्ष गर्भाच्या ट्रोफोब्लास्ट पेशींवरून वाहते. या शेवटच्या गटातही भेद आहे. मनुष्य व गिनीपिग यांच्यात ट्रोफोब्लास्टचा एकच थर असतो, सशात दोन, तर उंदरात तीन. यावरून गिनीपिग हा मानवाला सर्वांत जवळचा व उंदीर दूरचा, असे समीकरण मांडले जाते, आणि पाठ्यपुस्तकांत ते निर्विवाद सत्य म्हणून उतरते.

समीकरण सोपे आहे. पण विषाणू ते पाळत नाहीत. गायींना होणाऱ्या बोव्हाइन व्हायरल डायरियाचा विषाणू सहा स्तरांची वार ओलांडून गर्भाला गाठतो. गर्भ सुमारे १२५ दिवसांच्या आतला असेल तर त्याची प्रतिरक्षायंत्रणा या विषाणूला परका म्हणून ओळखावयास शिकतच नाही. असे वासरू जन्मभर विषाणू बाहेर टाकीत राहते आणि त्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, गायीची प्रतिपिंडे या वारेतून मुळीच पार होत नाहीत. वासराला ती जन्मानंतर चिकातूनच मिळतात. ज्या भिंतीतून मातेचे संरक्षण जाऊ शकत नाही तिच्यातून विषाणू जातो. उलट, तीन थरांच्या वारेचा उंदीर आपल्या स्वतःच्या सायटोमेगॅलो विषाणूला गर्भापर्यंत जाऊ देत नाही, पण लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिसच्या विषाणूला मात्र जाऊ देतो. १९३० नंतरच्या दशकात ट्राउब यांनी अमेरिकेतील एका उंदीरवसाहतीत हे पाहिले, आणि गर्भावस्थेत बाधित झालेल्या त्या पिलांच्या वर्तनाचा आधार बर्नेट व फेनर यांनी १९४९ मध्ये प्रतिरक्षासहिष्णुतेच्या कल्पनेसाठी घेतला. तेव्हा स्तरांची संख्या ही भिंतीची जाडी सांगते. दार कोठे आहे आणि कोणाकडे त्याची किल्ली आहे हे ती सांगत नाही.

गिनीपिगच्या एकेरी थराचा गौरव करताना आणखी एक गोष्ट दृष्टिआड होते. मनुष्यात व माकडात मातेची प्रतिपिंडे ट्रोफोब्लास्टच्या थरातून गर्भाकडे नेली जातात. गिनीपिग, ससा व उंदीर यांच्यात हे काम मुख्यतः पीतक-पिशवीकडे असते. लशीमुळे मातेत निर्माण झालेली प्रतिपिंडे गर्भाचे रक्षण कसे करतात, हा प्रश्न असेल तर गिनीपिगचा मार्ग मानवाचा मार्ग नव्हे. माकडाचे नातेही सरसकट जवळचे समजू नये. मानवी ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर शिरतात, गिनीपिगच्याही शिरतात. ऱ्हीसस माकडाच्या मात्र उथळच राहतात. म्हणून विषाणू गर्भाशयाच्या अस्तरातून वारेत कसा चढतो, हे पाहू इच्छिणाऱ्याला येथे कृंतकच अधिक जवळचा वाटेल.

या सर्व अडचणी झिका विषाणूवरील प्रयोगांत एकत्र आलेल्या दिसतात. म्हणून त्यांचा विचार सविस्तर केला पाहिजे. १९४७ मध्ये युगांडातील झिका अरण्यात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका पहाऱ्याच्या ऱ्हीसस माकडाच्या रक्तात हा विषाणू प्रथम मिळाला. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात लघुशीर्ष बालकांची संख्या अकस्मात वाढली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी उंदरांवरील प्रयोगांचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध झाले. अडचण अशी होती की, सामान्य प्रौढ उंदराला हा विषाणू फारसा बाधतच नाही. मानवी पेशीत झिकाचे एनएस५ हे प्रथिन स्टॅट२ या प्रथिनाचा नाश करते आणि त्यामुळे इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत पोचत नाही. उंदराचे स्टॅट२ त्याला नष्ट करता येत नाही. म्हणून प्रयोगकर्त्यांनी इंटरफेरॉनचा ग्राही नसलेल्या उंदीरमाद्या वापरल्या, अथवा प्रतिपिंड टोचून तो ग्राही निकामी केला.

मायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ग्राही नसलेल्या मादीचा संयोग सामान्य नराशी घडविला. यामुळे मातेत विषाणू वाढू शकला, आणि गर्भाला पित्याकडून ग्राहीचे एक चांगले जनुक मिळाल्याने गर्भ व वारेचा गर्भाकडील भाग ‘सामान्य’ राहिला. योजना चतुर होती. परिणामही ठळक दिसला : वारेच्या रक्तवाहिन्या बिघडल्या आणि बहुतेक गर्भ विरून गेले. विषाणू वारेचा नाश करतो व त्यामुळे गर्भ मरतो, असा अर्थ यावरून लावण्यात आला, आणि तो बहुतेकांना मान्य झाला.

दोन वर्षांनी यॉकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच योजना किंचित बदलली. त्यांनी ग्राही नसलेल्या मादीला असा नर दिला की, एकाच गर्भाशयात काही गर्भ ग्राहीसहित आणि काही ग्राहीरहित वाढावेत. माता एक, विषाणू एक, मात्रा एक. भेद केवळ गर्भाच्या एका जनुकाचा. ग्राही असलेले गर्भ मेले. ज्यांच्यात ग्राही नव्हता त्यांच्या वारेत विषाणू अधिक वाढला, तरी ते जगले. म्हणजे पहिल्या प्रयोगातील मृत्यू निव्वळ विषाणूमुळे घडत नव्हता. गर्भाच्या पेशींनी इंटरफेरॉनला दिलेला प्रतिसादच वारेची घडण मोडीत होता. पहिल्या प्रयोगात गर्भ ‘सामान्य’ ठेवण्यासाठी जी योजना केली तिनेच निष्कर्षाची दिशा ठरविली होती, आणि हे प्रयोगकर्त्यांच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. कारण तुलनेसाठी दुसऱ्या प्रकारचा गर्भ त्या गर्भाशयात नव्हताच.

या साऱ्या वाङ्मयात यॉकी यांच्या निबंधाइतका शिकविणारा निबंध विरळा, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रतिमानातील वैगुण्य लपविण्याऐवजी त्यांनी त्यालाच प्रश्न बनविले. मात्र या निष्कर्षाचे मानवावर आरोपण करताना तेवढीच सावधगिरी हवी. पूर्ण वाढलेल्या मानवी वारेतील ट्रोफोब्लास्ट पेशी लॅम्डा प्रकारचे इंटरफेरॉन संसर्ग नसतानाही सतत स्रवतात आणि झिकाला दाद देत नाहीत, असे २०१६ मध्ये दिसून आले. तेव्हा मानवी वारेचे इंटरफेरॉनशी असलेले नाते हे केवळ शत्रुत्वाचे नव्हे. शिवाय ब्राझीलमध्ये जगाचे लक्ष वेधले ते जिवंत जन्मलेल्या, मेंदू खुरटलेल्या बालकांनी. उंदराच्या प्रयोगांतील प्रमुख घटना मात्र मृत्यू ही होती. एकोणीस-वीस दिवसांच्या गर्भकाळात मेंदूचा फार थोडा विकास गर्भाशयात होतो. जन्मलेल्या उंदराच्या पिलाचा मेंदू सुमारे मध्य-गर्भकाळातील मानवी गर्भाच्या मेंदूइतकाच असतो. याच कारणाने सायटोमेगॅलो विषाणूच्या मेंदूवरील परिणामांचे अभ्यासक नवजात पिलाच्या उदरात विषाणू टोचतात. मेंदूसाठी ही सोय उत्तम आहे. पण तिच्यात वार नाही, आणि तरीही अशा निबंधांची शीर्षके ‘जन्मजात संसर्गाचे प्रतिमान’ अशी असतात. शीर्षकाने एवढा मोठा दावा करावा आणि प्रयोगपद्धतीच्या परिच्छेदाने तो मुकाट्याने मागे घ्यावा, ही रीत या क्षेत्रात रूढ झाली आहे.

माकडांच्या बाबतीत जनुकांत फेरफार करण्याची गरज पडली नाही. २०१६ मध्ये एका गाभण पिगटेल मॅकाकच्या त्वचेखाली पाच ठिकाणी विषाणू टोचून गर्भाच्या मेंदूतील विकृती दाखविण्यात आली. एकच प्राणी आणि विषाणूची मोठी मात्रा. त्यावरून शक्यतेपलीकडे काही सिद्ध होत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील अनेक वानरसंशोधन केंद्रांच्या नोंदी एकत्र केल्यावर मात्र अधिक भरीव गोष्ट समोर आली : गर्भकाळाच्या आरंभी बाधित झालेल्या माद्यांपैकी सुमारे २६ टक्के माद्यांचे गर्भ दगावले, आणि मातांना विशेष लक्षणे नव्हती. अमेरिकेतील गर्भवतींच्या पहिल्या नोंदींत जन्मदोषांचे प्रमाण सुमारे ६ टक्के आढळले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून माकड अतिशयोक्ती करते असे म्हणणे चूक होईल. माकडाला संसर्ग कोणत्या दिवशी झाला ते ठाऊक असते आणि प्रत्येक गर्भपात मोजला जातो. स्त्रियांच्या नोंदीत, संसर्ग ध्यानात येण्यापूर्वीच झालेले गर्भपात शिरतच नाहीत. येथे माकडाची उपयुक्तता मानवाशी असलेल्या साम्यात नाही. मानवी नोंदवहीतून निसटणारी घटना ते पकडते, यात आहे.

भारतीय वाचकाला जवळचे असे एक उदाहरण यकृतशोथाचे आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीचे पाणी दूषित होऊन काविळीची जी प्रचंड साथ आली, तिचे कारण आज हेपॅटायटिस ई समजले जाते, आणि या विषाणूची गर्भवतींवरील मारकता भारतातील साथींनी वारंवार दाखविली आहे. तो मातेकडून गर्भाकडे जातो हेही काश्मीरमधील निरीक्षणांवरून १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाभण ऱ्हीसस माकडांच्या पिलांना तो दिला गेल्याचे आढळले नाही. सशाच्या स्वतःच्या हेपॅटायटिस ई विषाणूने मात्र गाभण सशांत गर्भपात व मृत्यू घडविले. मानवी विषाणू वापरलेला जवळचा आप्त गप्प राहिला, आणि दूरच्या प्राण्यात त्याच्याच विषाणूने लक्षणे उभी केली. माकडाचे मौन म्हणजे धोका नाही असा अर्थ त्या वेळी कोणी लावला असता, तर तो रुग्णालयांतील अनुभवाच्या सरळ विरुद्ध गेला असता.

सायटोमेगॅलो विषाणूकडे पुन्हा वळले असता हा प्रश्न आणखी बिकट रूपात दिसतो. हा विषाणू आपली प्राणिजात सोडीत नाही. मानवी विषाणू गिनीपिगला वा माकडाला बाधत नाही. म्हणून प्रत्येक प्राण्यात त्याच्याच विषाणूचा अभ्यास करावा लागतो, आणि जी औषधे मानवी विषाणूवर चालतात ती तेथे चालतीलच असे नाही. गॅन्सिक्लोव्हिर गिनीपिगच्या विषाणूवर फारसे प्रभावी नाही. प्रयोगशाळेत तंतुपेशींमध्ये वारंवार वाढविलेल्या वाणातून पृष्ठभागावरील पंचघटकी संकुलाची जनुके गळून पडतात, आणि हे संकुल इतर प्रकारच्या पेशींत शिरण्यास आवश्यक असते. या गळतीची जाण येण्यापूर्वी झालेल्या लसप्रयोगांचे मूल्यमापन पुन्हा व्हावयास हवे.

ऱ्हीसस माकडावरील प्रयोग तुलनेने नवे आहेत. २०१५ मध्ये बियालास व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पूर्वी संसर्ग न झालेल्या गाभण माद्यांच्या शिरेत विषाणू टोचून तो वार ओलांडतो हे दाखविले. ज्या माद्यांच्या सीडी४ लसिकापेशी आधी नष्ट केल्या होत्या त्यांच्यात गर्भहानी भयंकर होती. २०१७ मध्ये त्याच परंपरेतील प्रयोगात संसर्गापूर्वी प्रतिपिंडे दिल्यास गर्भाचे रक्षण होऊ शकते, असे आढळले. त्यानंतर २०२१ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निकाल आला : प्राथमिक संसर्ग झालेल्या गर्भवतींना प्रतिपिंडयुक्त ग्लोब्युलिन देऊनही गर्भसंसर्ग वा मृत्यू यांचे प्रमाण घटले नाही. या दोन निकालांत विसंगती असल्याचे म्हटले जाते. ती खरी विसंगती नव्हे. माकडाला विचारलेला प्रश्न ‘आधी दिले तर?’ असा होता. स्त्रियांच्या बाबतीत तो ‘नंतर दिले तर?’ असा होता. रुग्णालयात येणारी स्त्री संसर्ग झाल्यावरच येते.

परंतु भारताच्या दृष्टीने या सर्व प्रयोगांतील गंभीर उणीव निराळीच आहे. येथील नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना हा संसर्ग गर्भारपणापूर्वीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे येथील जन्मजात बाधेची बहुसंख्य प्रकरणे प्राथमिक संसर्गाची नसतात. जुना विषाणू पुन्हा जागा झाल्याने अथवा नव्या वाणाने गाठल्याने ती उद्भवतात. प्राण्यांवरील प्रयोग मात्र जवळजवळ सर्वत्र पूर्वसंसर्ग नसलेल्या मादीपासून आरंभ करतात. वानरवसाहतीतील बहुतेक माकडे वर्षभराच्या आतच बाधित होतात. म्हणजे वसाहतीतील सामान्य मादी या बाबतीत मुंबईच्या वा पाटण्याच्या सामान्य स्त्रीसारखीच असते, आणि संशोधक मोठ्या प्रयासाने तिला बाजूला सारून दुर्मिळ असंसर्गित मादी शोधीत असतात.

याचे कारण आळस वा दुर्लक्ष नव्हे. ते अंकगणिताचे आहे. प्राथमिक संसर्गात सुमारे तीनांपैकी एक गर्भ बाधित होतो. पूर्वसंसर्गित मातेत हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास. दहा बाधित गर्भ पाहावयाचे तर हजार गाभण माकडे हवीत, प्रत्येकीचा गर्भकाळ सुमारे १६५ दिवस; कोणत्याही वसाहतीला हे परवडणारे नाही. प्रमाण वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे पूर्वसंसर्गित मादीच्या सीडी४ पेशी नष्ट करणे. परंतु ज्या प्रतिकारक्षमतेमुळे शंभरांतील नव्याण्णव गर्भ वाचतात, आणि जिच्यातील कोणत्या भेगेतून शंभरावा गर्भ बाधित होतो हे शोधावयाचे आहे, तीच त्या प्रयोगात काढून टाकलेली असते.